तिसऱ्या हाकेला

त्या दुपारी मी मैदानाच्या कडेला मासे तळत बसले होते, आणि माझ्या नवऱ्याने एका मेलेल्या माणसाला हाक मारली.

"बॅमी! मागे ये! अरे बॅमी, तुझ्या पाठीमागे माणूस आहे!"

सराव चालू होता. पोरं जागच्या जागी थिजली. बॉल एकटाच घरंगळत बदामाच्या झाडाखाली बांधलेल्या बकरीपर्यंत गेला. मैदानाच्या डाव्या अंगाला, समुद्राकडच्या बाजूला, जेव्हॉन उभा होता. सिमेंटचे ब्लॉक पाडण्याच्या कामावर जाणारा, दारातून तिरकं शिरावं लागेल अशा खांद्यांचा गडी, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कारण हाक त्याच्याकडे बघून मारली होती, आणि बॅमी त्याच जागेवर खेळायचा. जेव्हॉन जन्मायच्या आधीच बॅमीला समुद्राने गिळलं होतं.

माझ्या हातातला झारा कढईत पडला. गरम तेल मनगटावर उडालं, तेही मला घरी गेल्यावर कळलं.

बॅमीचं खरं नाव ट्रेव्हर पिनॉक. आमच्याकडे खरं नाव फक्त शाळेत आणि शवपेटीवर लागतं, आणि त्या बिचाऱ्याला शवपेटीही मिळाली नाही. चेहरा बॅमीसारखा, म्हणजे आमच्याकडच्या कसाव्याच्या कंदाच्या भाकरीसारखा, चपटा आणि गोल, म्हणून बॅमी. पोटासाठी मासेमारी करायचा. एकदा होडी घेऊन बेटांच्या दिशेने गेला. होडी सापडली, तो नाही. नवव्या रात्री, आमच्याकडे मेलेल्याला निरोप देतात त्या रात्री, आम्ही सगळं रीतसर केलं. बकरी कापली, गाणी म्हटली, त्याचं ताट आणि रमचा पेला झाडाखाली ठेवला. पण अंगच सापडलं नाही तर निरोप द्यायचा कुणाला? बॅमी काही घरी पोचला नाही, असं म्हाताऱ्या तेव्हापासून म्हणतात. मैदानाच्या त्या बाजूला संध्याकाळी लहान मुलांना कुणी जाऊ देत नाही.

आता माझ्या नवऱ्याविषयी सांगते. नाव अल्वन मिनॉट, पण जमैकातल्या आमच्या सेंट थॉमस परगण्यात ते कुणाला ठाऊक नाही. गेट म्हणा, कुणीही आमचं घर दाखवील. त्याच्या बाजूने कुणी आत शिरूच शकायचं नाही, म्हणून गेट. लोकांना वाटतं असा माणूस शूर असणार. कसला शूर! इतका भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नाही. कुत्र्याला भ्यायचा, ढगांच्या गडगडाटाला भ्यायचा, पाण्यात गुडघ्याच्या वर उतरायचा नाही. लोकांचे कपडे धुऊन त्याला एकटीने वाढवणारी त्याची आई, मिस एस्मी, म्हणायची, "या पोराची मान पुढे कमी आणि मागेच जास्त असते." आईलाही तो सगळ्या गावासारखा मिस एस्मीच म्हणायचा.

त्या मागे वळणाऱ्या मानेनेच त्याचं भलं केलं. शाळेतल्या मास्तरांनी ओळखलं, की बाकीची पोरं बॉलकडे बघतात आणि हा एकटा पाठीमागून कोण येतंय ते बघतो. त्यांनी त्याला मागे उभं केलं. तिथून तो किंग्स्टनच्या क्लबात गेला. जमैकाचा शर्टही अंगावर चढवला, मोजक्याच वेळा, पण चढवला. प्रत्येक मॅचच्या आधी त्याला उलटी व्हायची. तो मला म्हणायचा, "व्हेरो, पुढे खेळणाऱ्याने स्वप्नं बघावीत. डिफेंडरने शिट्टी वाजेपर्यंत भ्यावं. जो भ्यायचा थांबला, त्याच्या डोक्यावरून गोल होतो."

आणि डोकं! उंचावरून आलेला प्रत्येक बॉल त्याने कपाळावर घेतला. तेव्हाचे बॉल चामड्याचे, पावसात भिजले की दगड व्हायचे. डोक्यावर डोकं आपटून तो आडवा पडला की कुणीतरी बे रम, म्हणजे अंगाला चोळायचा उग्र वासाचा अर्क, घेऊन धावायचा, कपाळाला चोळायचा, दोन बोटं नाचवून विचारायचा, किती? हा काहीतरी आकडा सांगायचा. त्याला उठवून परत पाठवायचे, आणि आम्ही बायका कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवायचो. त्या टाळ्या आठवल्या की आता माझ्या अंगावर काटा येतो.

खेळणं संपल्यावर तो आमच्या गावी, कॅसिया बेला, परत आला. दिवसा पाण्याचा ट्रक चालवायचा, दुपार कलली की पोरांना शिकवायचा. त्याचे नियम दोनच. मॅचच्या आधी सगळ्यांना गोलात बसवायचं आणि एकेकाला विचारायचं, "तुला आज कशाची भीती वाटते?" कुणी छाती काढून "कशाचीच नाही, कोच" म्हणाला, की तो बाहेर बसलाच म्हणून समजा. दुसरा नियम हाकेचा. मागच्या फळीत ज्याला नावाने हाक मारली, त्याने तिथल्या तिथे ओ द्यायची. ओ आली नाही तर तिथे माणूसच नाही, असं धरून बाकीच्यांनी ती जागा भरायची. हा नियम तो आणि बॅमी मिळून शिकले होते. एक मध्ये, एक डावीकडे, आणि सगळा वेळ "बॅमी!" "ओ गेट!" चाललेलं. प्रेक्षक नक्कल करायचे.

पण आमच्या गावाचाही एक नियम आहे, आणि तो फुटबॉलपेक्षा जुना आहे. हाक कुणाची ते दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. डपीला, म्हणजे मेलेल्या माणसाच्या भुताला, तिसऱ्यांदा हाक मारता येत नाही. आणि मेलेल्याच्या नावाने तुम्हालाच कुणी हाक मारली तर शंभराव्या हाकेलाही ओ द्यायची नाही. जो देतो, तो त्याच्याबरोबर जातो. जेव्हॉनने हे मावशीच्या मांडीवर बसून ऐकलेलं. त्या दुपारी हे दोन नियम एकमेकांना आडवे आले. जेव्हॉन गप्प उभा राहिला.

घरी आल्यावर मी विचारलं, "मिनॉट, तू कुणाला हाक मारलीस?" रागावले की मी त्याला मिनॉट म्हणते. आणि भ्याले की रागावते, हा माझा स्वभाव आहे.

"जेव्हॉनला."

"तू बॅमी म्हणालास."

तो पायरीवर बसला आणि बूट सोडायला लागला. एक बूट सोडला, मग परत बांधला, मग परत सोडला. मला ते बघवेना. मी खाली बसून दोन्ही बूट काढले.

असं आधीही झालं होतं. चहात मीठ घातलं, ते मी हसण्यावारी नेलं. एकदा तो आमच्याच फाटकाशी उभा राहून शेजारणीला विचारत होता की मिस व्हेरो कुठे राहतात. तिला वाटलं तो माझी थट्टा करतोय, ती पोट धरून हसली. मीही हसले, आणि आत येऊन न्हाणीघराचं दार लावून रडले. त्यानंतर मी त्याला मोरांट बेच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. बराच वेळ त्याच्याशी बोलल्या आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की हे हळूहळू वाढत जातं, मागे फिरत नाही. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

"पोरं काय म्हणतात?" त्याने विचारलं.

"म्हणतील काय? बॅमीची डपी कोचच्या मागे लागली म्हणतात."

त्याने काढलेले बूट एकाला एक लावून ठेवले. मग माझा हात धरला.

"म्हणू दे, व्हेरो. तू काही बोलू नकोस. डपी लागलेल्या कोचला लोक मीठ आणि रम आणून देतात. डोकं गेलेल्या कोचला खुर्ची देतात. मला खुर्ची नको. मैदान गेलं तर मी दुसऱ्या दिवशी कोण असेन, मला माहीत नाही."

मग काय, गाव कामाला लागलं. क्लबचा कारभार बघणारा टुलक न्हावी पांढऱ्या रमची बाटली घेऊन आला आणि अर्धी मैदानावर शिंपडून अर्धी स्वतः घेऊन गेला. जेव्हॉनची मावशी मदर पर्लीना डोक्याला लाल फडकं बांधून आली, डाव्या रेषेवर मीठ टाकत गात गात फिरली. पोरं सरावाला चड्ड्या उलट्या घालून यायला लागली, म्हणजे डपीला ओळख पटत नाही. मी तळत बसायचे आणि बघायचे. मला वाटायचं, खरंच डपी असती तर किती बरं झालं असतं. तिला मीठ होतं, गाणं होतं. माझ्या भीतीवर शिंपडायला कुणाकडे काही नव्हतं.

आणि मीठ टाकूनही बॅमी येतच राहिला. दर सरावाला नाही, पण यायचा. अल्वन हाक मारायचा, जेव्हॉन दगड व्हायचा, आणि डावीकडून गोल. एका सरावात मधला डिफेंडर डावीकडे धावला, कारण ओ आली नाही म्हणजे जागा रिकामी, असंच त्याला शिकवलेलं. मग मधली जागा उघडी पडली. जी फळी पूर्ण हंगाम कुणाला फोडता आली नव्हती, ती एका नावाने फुटायला लागली.

शेवटची मॅच तोंडावर आली. वरच्या डोंगरातल्या संघाशी नुसती बरोबरी झाली, तरी कॅसिया बे वरच्या गटात जाणार होता. टुलक माझ्या कढईपाशी येऊन उकिडवा बसला. मासा मागितला नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"मिस व्हेरो, वाईट वाटून घेऊ नका. या मॅचला कोच उभे राहतील. पण त्यात परत बॅमी आला, तर मला त्यांना हात धरून बाहेर न्यावं लागेल. आणि मग ते परत मैदानात येणार नाहीत. पोरं भ्यालीत हो. मीसुद्धा भ्यालोय."

"तू भ्यालास म्हणून दाढ्या करताना लोकांच्या गळ्यावरचे केस तसेच सोडतोस का?" मी म्हटलं. तो हसला नाही.

त्याच संध्याकाळी मी जेव्हॉनला थांबवलं. नवऱ्याचा शब्द मोडला आणि त्याला सगळं खरं सांगितलं. डपी नाही, आजार आहे. कोचना तू दिसतोस तेव्हा मधूनच बॅमी दिसतो, एवढंच. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं.

"खरं असेल, मिस व्हेरो. पण नाव तर मेलेल्याचंच ना?"

"एवढा धिप्पाड गडी, आणि नावाला भितोस?"

"भ्यायला कोचनीच शिकवलंय." मग त्याने वर बघितलं. "तुम्ही द्याल ओ? मेलेल्या बाईच्या नावाने हाक मारली तर?"

मी त्याच्या हातात एक तळलेला मासा कोंबला आणि म्हटलं, "जा, घरी जा."

मॅचच्या दिवशी अल्वनने आपला चांगला शर्ट घातला. पोरांना गोलात बसवून एकेकाला विचारलं. कुणी म्हणाला पेनल्टीची भीती, कुणी म्हणाला बापाची. जेव्हॉनची पाळी आली. तो म्हणाला, "तुमची, कोच." अल्वनने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे," म्हणाला, "खेळ."

पहिला गोल आमचा झाला, मग त्यांचा. एकास एक. मध्यंतरापर्यंत अल्वनने प्रत्येकाला बरोबर नावाने हाक मारली. मी तळणं केव्हाच सोडलं होतं. गिऱ्हाइकं शिव्या देत उभी होती, पण मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

शेवटची काही मिनिटं राहिली. डोंगरातल्या संघाचा एक काटकुळा, वाऱ्यासारखा पळणारा पोरगा आमच्या डाव्या बाजूला सरकला. जेव्हॉन बॉलकडे बघत होता. काटकुळा त्याच्या पाठीमागून निघाला. आख्ख्या मैदानात ते फक्त एका माणसाने बघितलं, कारण तो जन्मभर तेच बघत आला होता.

"बॅमी! मागे!"

कडेच्या बायका किंचाळल्या. एकीने पोराचे कान झाकले. जेव्हॉन दगड झाला.

"बॅमी!"

ओ आली नाही. मला अल्वनचा चेहरा दिसत होता. तो चेहरा मी विसरणार नाही. हाक मारली आणि ओ नाही, म्हणजे तिथे कुणी नाही. त्याच्या लेखी डावी बाजू रिकामी होती, फक्त समुद्र होता. म्हणून तो स्वतः ती जागा भरायला निघाला. एवढा म्हातारा माणूस, चांगला शर्ट घातलेला, त्याचा एक पाय रेषेच्या आत पडला. रेफरीने शिट्टी तोंडाकडे नेली. टुलकचा हात अल्वनच्या दंडाकडे गेला. देवा, याला सगळ्यांसमोर नको, एवढंच मी मनात म्हणत राहिले.

"बॅमी!"

"ओ गेट!"

आवाज फाटलेला होता, लहान पोरासारखा. "ओ गेट! आहे मी!" जेव्हॉन ओरडला, वळला, काटकुळ्याला बघितलं आणि अंग झोकून दिलं. बॉल त्याच्या बुटाला लागून उडाला, रेषेपार, थेट वाळूवर. अल्वनने पाय मागे घेतला. टुलकचा हात हवेतच राहिला. रेफरीने शिट्टी वाजवली नाही. ती वाजली थोड्या वेळाने, मॅच संपल्याची.

सगळं गाव मैदानात घुसलं. जेव्हॉन मात्र बदामाच्या झाडामागे जाऊन ओकत होता. मग तो शर्ट उलटा करून घालायला बघत होता, पण त्याला बाही सापडत नव्हती. अल्वन तिथे गेला आणि त्याने बाही धरून दिली.

"छान खेळलास, जेव्हॉन."

स्वतःचं नाव ऐकून तो गडी ढसाढसा रडायला लागला. मग नाक पुसून त्याने कोचनाच कोचचा प्रश्न विचारला. "तुम्हाला कशाची भीती वाटते?"

अल्वन समुद्राकडे बघत म्हणाला, "हाक मारीन आणि ओ येणार नाही, याची."

टुलक शेजारी उभा होता. त्याने घसा खाकरला, टोपी काढून परत घातली. "कोच," म्हणाला, "सोमवारी सराव नेहमीच्याच वेळेला ना?"

तेव्हापासून मागच्या फळीतला जो कुणी जवळ असेल तो बॅमीला ओ देतो. अजून कुणी बॅमीबरोबर गेलेला नाही. जेव्हॉन देतो तेव्हा अजूनही गळ्यातला क्रॉस मुठीत धरतो.

हे सगळं सांगायचं कारण आजची सकाळ. मी मागच्या अंगणात नारळ किसत होते. अल्वन दारात आला. केस विंचरलेले, बूट हातात.

"मिस एस्मी!"

मी मागे बघितलं. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. तो माझ्याकडेच बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत मी नव्हते. माझ्या सासूला जाऊन किती वर्षं झाली. मी चर्चला जाणारी बाई, पण सांगते, मी भ्याले. मेलेल्या बाईला भ्याले, आणि त्याहून जास्त भ्याले ते या गोष्टीला, की मी एकदा ओ दिली की व्हेरो या घरातून जाईल आणि कदाचित परत येणार नाही. एवढ्या वर्षांचा संसार त्या एका शब्दावर उभा होता.

"मिस एस्मी!"

जेव्हॉनचा प्रश्न आठवला. तुम्ही द्याल ओ? दारातल्या माणसाचा चेहरा बदलायला लागला होता. त्या दिवशी रेषेवर होता तसाच. तो माझ्या पलीकडे, रिकाम्या अंगणात बघायला लागला. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला.

"मिस एस्मी?"

"ओ, अल्वन," मी म्हटलं. "इथेच आहे मी. आण ते बूट, मी बांधून देते."